पहिल्या चिठ्ठीचा दुसरा साक्षी

चेन्नईजवळ सिरुसेरीच्या आमच्या नव्या इमारतीत, स्वागतकक्षापाशी, एक काचेची पेटी आहे. त्या पेटीत बुटांचा एक जुना खोका ठेवलाय. वरून पिवळा दिवा सोडलाय आणि खाली पितळी पाटी आहे: ‘इथून आपला प्रवास सुरू झाला.’ पाहुणे आले की त्यांना तिथे उभं करून फोटो काढतात. मी रोज सकाळी त्या पेटीसमोरून जाते आणि रोज सकाळी माझं डोकं फिरतं.

कारण तो खोका सारांचा आहे, आणि ज्यांनी ही पेटी बनवली त्यांनीच सारांना घरी पाठवलं. आतल्या चिठ्ठ्या उलटसुलट लावल्यात. सगळ्यात वर जी दिसते ती तर सारांच्या अक्षरातलीसुद्धा नाही. कुणीतरी संगणकावर हाताने लिहिल्यासारखं दिसणारं वळण निवडून छापून घेतलीय. पाटीवर त्यांचं नाव नाही. मीही इथे नाव घालत नाही, पण माझं कारण वेगळं आहे. ऑफिसात त्यांना नावानं कुणीच ओळखत नव्हतं. चेन्नईत ‘सर’चं ‘सार’ होतं आणि असे सार मजल्यामजल्यावर पन्नास असतात, पण आमच्याकडे नुसतं ‘सार’ म्हटलं की ते एकच.

त्या खोक्यात एक चिठ्ठी कमी आहे. अगदी पहिली. पेटी बनवणाऱ्यांच्या ते लक्षातही आलेलं नाही, कारण त्यांनी चिठ्ठ्या वाचल्याच नाहीत.

सारांना निरोप देताना जो मेल फिरला त्यात ‘गोड आजोबा’ असे शब्द होते. गोड! सार गोड नव्हते हो. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला गाठून ‘तुझी बोली कोणती?’ असं विचारणारा माणूस गोड कसा असेल? उत्तर इंग्रजीत आलं तर ते तोंड फिरवून घेत. खिशाला तीन पेन्सिली, पेन एकही नाही, कारण शाईनं लिहिलेलं माणूस बदलत नाही असं त्यांचं म्हणणं. कॉफी स्वतःच्या पितळी डबऱ्यातून, म्हणजे खोल वाटीतून, तीही उभ्यानं. मुलाखतीला आलेल्या एका मुलीला त्यांनी तासभर तिच्या आजीच्या शिव्या विचारल्या होत्या. ती पोरगी रडकुंडीला आली आणि मग हसायला लागली, आणि तिला नोकरी मिळाली.

आता आमचं काम काय ते सांगते. शाळांसाठी आमचं एक ॲप आहे. शिक्षक त्यावर गृहपाठ टाकतात, पालक निरोप पाठवतात, मुलं चार ओळी लिहितात. मुलांच्या डोळ्यांसमोर घाणेरडं काही येऊ नये म्हणून वर्ज्य शब्दांची एक यादी असते. त्या यादीतला शब्द निरोपात आला की निरोप पुढे जात नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण एका भाषेतलं घाणेरडं हे दुसऱ्या भाषेत कुणाचं तरी आडनाव असतं, तिसऱ्या भाषेत भाजी असते आणि चौथीत देवाचं नाव असतं. शब्द जितका लहान, तितकी त्याला घरं जास्त. ती घरं शोधणं हे सारांचं काम होतं. कंपनीत येण्याआधी ते एका छापखान्यात तीन लिप्यांचे मुद्रितशोधक होते. छापखाना बंद पडला, आणि मग हा नवा उद्योग त्यांनी जुन्याच पद्धतीनं चालू केला.

पद्धत अशी. एका शब्दाला एक चिठ्ठी. वर शब्द, कोपऱ्यात भाषा, मग अर्थ. आणि खाली दोन ओळी: साक्षी एक, साक्षी दोन. शब्दकोश पुरावा म्हणून चालत नसे. जिवंत माणूस लागे. एक साक्षी असा की ज्यानं तो शब्द रागानं म्हटलेला किंवा ऐकलेला आहे, आणि एक असा की ज्यानं तो लाडानं म्हटलेला आहे. दोघांनी सांगितल्याशिवाय चिठ्ठीवर सही नाही, आणि सहीशिवाय शब्द यादीत नाही. आणखी एक पोटनियम होता: घरच्या माणसाची साक्ष घरच्यानं लिहायची नाही, परक्यानं लिहायची.

‘सार, लाडानं कशाला?’ मी सुरुवातीला विचारलं होतं.

‘शिवी अस्के ओळखतात मा,’ ते म्हणाले. त्यांच्या बोलीत ‘अस्कं’ म्हणजे सगळं, आणि ‘मा’ म्हणजे आपलं ‘अगं’. ‘लाड कोणी विचारत नाही. विचारल्याविणा शब्दास फाशी देऊं नये.’

ते तंजावरकडचे मराठी. मी सातारची. नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझं आडनाव वाचून ते माझ्या टेबलाशी आले आणि मराठीत बोलायला लागले, तेव्हा मला आधी कळेना की ही कोणती भाषा. जुनं पत्र कुणी तमिळ चालीवर वाचून दाखवावं तशी ती होती. मी भडाभडा उत्तर दिलं. त्यांनी हात वर केला.

‘तुझी मराठी फार धावते मा. थोडी चालव.’

मला राग आला होता. मराठी माझी आणि शिकवणार हे! पुढे सहा वर्षं त्यांच्याशी बोलता बोलता माझी मराठी खरंच चालायला लागली, आणि घरचे फोनवर विचारायला लागले की तू अशी गाणं म्हटल्यासारखी का बोलतेस.

साक्षीदार मिळवायला सार कुठेही जात. शोळिंगनल्लूरच्या सिग्नलला कंपन्यांच्या बस ओळीनं थांबतात. तिथे ते संध्याकाळी छत्री घेऊन उभे राहत आणि उतरणाऱ्यांना गाठत. आमच्या दारावरचा आसामी रखवालदार, कँटीनचा नेपाळी आचारी, पार्लरमधली मिझो मुलगी, हे सगळे त्यांच्या चिठ्ठ्यांवर आहेत. नाव, गाव, आणि ‘शब्द म्हणताना हसली’ किंवा ‘शब्द म्हणताना इकडेतिकडे बघितलं’ असा शेरासुद्धा.

एकदा ‘ना’ हा शब्द आला. मराठीत नकार, तेलुगूत ‘माझा’, आणि कोरियन भाषेत ‘मी’. मराठी आणि तेलुगू साक्षी मजल्यावरच मिळाले. कोरियन कुठून आणायचा? सार शनिवारी दोन बस बदलून श्रीपेरुंबुदूरला गेले. तिथे मोटारींच्या कारखान्यातल्या साहेबांसाठी एक कोरियन बाई खानावळ चालवते. तिला बाजारापुरती तमिळ येत होती. सारांनी तिला सांगितलं, ‘मी’ हा शब्द आधी लाडानं म्हणून दाखव. तिनं लाजत म्हटला. मग म्हणाले, आता रागानं. तिनं पळी आपटून इतक्या मोठ्यानं ‘ना!’ म्हटलं की जेवणारे दोन साहेब उठून उभे राहिले. माझ्यावरच का सगळं काम, असा त्याचा भाव होता म्हणे. सार पक्के शाकाहारी. बाईचा मान राखायला नुसता भात आणि मुळ्याचं लोणचं खाऊन परत आले, आणि सोमवारी चिठ्ठी माझ्यासमोर ठेवून म्हणाले, ‘रागानं म्हणणारी मिळाली, बरीक हो!’

आमच्यातली तरुण मंडळी अशा वेळी फार उत्साहात येत. कोरियन लोक बापाला ‘अप्पा’ म्हणतात आणि तमिळ लोकही ‘अप्पा’ म्हणतात, म्हणजे आपण एकच, असं कुणी म्हटलं की सारांचा पारा चढे. ‘दोघांच्या अंगात एका रंगाचा सदरा दिसला तर भाऊ होतात की? नमस्कार करा, पुढे जा. गळ्यात पडूं नका.’ त्यांना सारखेपणाचं कौतुक नव्हतं. एकच एवढासा आवाज प्रत्येक दारात वेगळा होऊन राहतो आणि कुठल्याच दारात तो चूक नसतो, याचं होतं.

त्यांना मनापासून हसताना मी एकदाच पाहिलं. ‘वा’ या शब्दाच्या वेळी. तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ये. फ्रेंचमध्ये ‘वा’ म्हणजे जा. पुदुच्चेरीच्या एका निवृत्त नर्सबाईंच्या घरी लहानपणापासून फ्रेंच बोलत. त्यांनी साक्ष देताना सांगितलं, की नातवाला शाळेत पाठवताना मी लाडानं ‘वा, वा’ म्हणते, आणि त्याच वेळी रस्त्यापलीकडून रिक्षावाला ‘वा, वा’ म्हणून हाका मारत असतो. ‘ते लेकरूं उंबऱ्यावरच उभं राहत असेल,’ असं म्हणून सार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी म्हटलं, आणि मराठी माणूस बाजूला उभा राहून ‘वा!’ म्हणत कौतुक करत असेल. तेही त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं आणि साक्षी म्हणून माझं नाव घातलं.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत असे. संध्याकाळी मी सातारला फोन लावायची. ‘आई गं, ऐक ना,’ असं माझं सुरू झालं की सार पेन्सिल ठेवून जागेवरून उठत आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहत. मला वाटे, दुसऱ्याचं खाजगी बोलणं ऐकू नये म्हणून जात असतील. ते स्वतः त्यांच्या आईला फोनवर ‘अम्मा’ म्हणत. एकदा जेवणाच्या सुट्टीत आम्ही लहान शब्द एकमेकांपुढे टाकत बसलो होतो. मी म्हटलं, सार, ‘आई’ घ्या. आमच्यात माता. आसामीतही माता. जपानीत ऐकलंय की प्रेम. व्हिएतनामीत ‘कोण’.

सारांनी डब्याचं झाकण लावलं. ‘पुढला शब्द,’ ते म्हणाले.

माझ्या डोक्यात काही शिरलं नाही तेव्हा.

मग मशीन आलं. आमचा व्यवस्थापक वयानं सारांच्या मुलासारखा, टापटीप, कधी आवाज न चढवणारा. त्यानं एका दुपारी आम्हाला बोलावून पडद्यावर यादी दाखवली. चाळीस भाषांची. आधी प्रत्येक भाषेची वेगळी असे; आता सगळ्या भाषांना मिळून एकच यादी, म्हणजे ‘सुटसुटीत’. सारांच्या चिठ्ठ्या आधी मशीनला वाचायला दिल्या होत्या आणि मग त्यानं आपण होऊन हजारो शब्द जमवले होते. हे सगळं, तो म्हणाला, जेवायला जाऊन येईपर्यंत झालं. आता फक्त भाषाप्रमुख म्हणून सारांची सही हवी.

सारांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि यादी खालपर्यंत बघितली. त्याला बराच वेळ लागला. व्यवस्थापक घड्याळाकडे बघत होता.

‘साक्षी कोठें?’ सार म्हणाले.

‘सार, इतक्या शब्दांना माणसं कुठून आणायची?’

‘शब्द माणसांनीच आणलें की. माणसं कमी पडली कशी?’

सही झाली नाही. म्हणून यादी थांबेल असं मला वाटलं होतं. मी भोळी. ‘तात्पुरती’ असा शेरा मारून ती त्याच आठवड्यात चालू झाली. आमच्याकडे तात्पुरतं म्हणजे कायमचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

दोन आठवड्यांनी माझ्याच मुलखातल्या एका शाळेतून तक्रार आली. पहिलीतली मुलगी. तिच्या घरून शिक्षिकेला निरोप गेला होता, आपल्याकडे सगळे लिहितात तसा इंग्रजी अक्षरांत: आज आई येणार नाही, आजीबरोबर सोडा. तो निरोप पोचलाच नाही. आजीला शाळेत कुणी ओळखत नव्हतं, आणि बाईंनी अनोळखी म्हातारीच्या ताब्यात मूल द्यायला नकार दिला. बाईंचं काही चुकलं नाही. घरच्यांचा फोन लागला तोवर अंधार पडायला आला होता. मुलगी आत पायरीवर, आजी फाटकाबाहेर, दोघी रडतायत. निरोप का अडला ते शाळेनं शोधून काढलं तेव्हा कळलं की त्यात एक घाणेरडा शब्द होता. कोणता? आई.

मी ती तक्रार वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई हा शब्द घाणेरडा! पूर्ण महाराष्ट्राच्या शाळांत दोन आठवडे ‘आई’ शब्द असलेला एकही निरोप गेला नव्हता, आणि आमच्या ऑफिसात ती यादी ‘यशस्वी’ म्हणून केक कापला गेला होता. मी तक्रारीचा कागद छापून घेतला आणि सारांपुढे आपटला. ‘बघा सार! आता बोलू दे त्याला. तुम्ही सही केली नाहीत ते किती बरं झालं.’

सारांनी कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. मला वाटलं, तेही संतापलेत.

बैठकीत मी जवळजवळ ओरडलेच. विचारल्याशिवाय शब्द उचलले की असंच होणार, असं सगळं बोलले. व्यवस्थापकानं मला बोलू दिलं. मग त्यानं एक खोका टेबलावर ठेवला, तोच, आज काचेत आहे तो, आणि त्यातली पहिली चिठ्ठी काढून माझ्यासमोर सरकवली.

‘हा शब्द मशीननं शोधलेला नाही,’ तो इंग्रजीत, अगदी शांतपणे म्हणाला. ‘यादीतला हा सगळ्यात जुना शब्द आहे. सारांचा.’

चिठ्ठीवर सारांच्या पेन्सिलीनं ‘आई’ लिहिलं होतं. कोपऱ्यात: फक्त तमिळ. अर्थ: लहान मुलांची शी. साक्षी एक, रागानं: स्वतः, इयत्ता पहिली, कुंभकोणम, शाळेचं अंगण. साक्षी दोन, लाडानं: तिथे काही नव्हतं. आणि खाली सही.

तमिळ घरांत लहान मुलाला शी लागली की ते ज्या शब्दानं सांगतं, तो कानाला आपल्या ‘आई’सारखाच लागतो. हे चेन्नईत आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पहिल्या महिन्यातच कुणीतरी हसत हसत सांगतं. मलाही सांगितलं होतं. मी हसून सोडून दिलं होतं.

‘पण इथे स्पष्ट लिहिलंय, फक्त तमिळ!’ मी म्हटलं. ‘सगळ्या भाषांची एक यादी तुम्ही केलीत. सार तर ती करू नका म्हणून...’

‘सही कोणाची आहे?’ व्यवस्थापकानं विचारलं.

मी सारांकडे बघितलं. बचाव त्यांच्या हातात होता, नुसतं कोपऱ्यावर बोट ठेवायचं होतं. त्यांचं बोट चिठ्ठीवर होतं, पण कोपऱ्यावर नाही. त्या रिकाम्या ओळीवर होतं.

‘चूक माझी,’ ते म्हणाले. ‘दुसरा साक्षी विचारला नाही.’

झालं. व्यवस्थापकाला एवढंच हवं होतं. शाळेला पत्र गेलं, की चूक एका व्यक्तीची होती आणि ती व्यक्ती आता या कामावर नाही. सारांचा करार दरवर्षी नवा होत असे, तो त्या वर्षी झाला नाही. आणि सगळ्यात संताप आणणारं पुढे आहे. ‘माणसांच्या साक्षीवर अवलंबून राहण्याचे धोके’ असा एक तक्ता बनवून सगळ्या विभागांना दाखवला गेला. म्हणजे बघा. सहा खोके चिठ्ठ्या, त्यातली एक चुकली, आणि ती का चुकली? तर त्या एकीपुरतं माणसाला विचारलं नव्हतं म्हणून. त्यावरून यांनी धडा काय घेतला? तर यापुढे कुणालाच विचारायचं नाही! हे मी त्या व्यवस्थापकाला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, ‘तुमची भावना समजते.’ त्याला काहीही समजत नव्हतं.

मला सारांचाही राग आला होता, खोटं कशाला बोलू. शेवटच्या दिवशी टेबल आवरताना मी त्यांना म्हटलं, ‘तुम्ही लढला का नाहीत? कोपरा का दाखवला नाहीत?’

त्यांनी तीन पेन्सिली एकेक करून टोक बघून खिशात ठेवल्या. ‘आई डबा घेऊन आली होती,’ ते म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. ‘मी विसरलों होतों डबा. फाटकांत ती दिसली आणि मी अंगण ओलांडून ओरडलों. अस्का वर्ग हसला. वाध्यार, आमचे मास्तर, तेही हसले. वर्षभर मज त्याच शब्दानं हाक मारत. त्या दिवसापासून मी तीस अम्मा म्हणतों. यादी सुरू केली तेव्हां हाच शब्द आधी हातांतून उतरला मा. सही करून घरी गेलों, झोंप आली नाही. दुसऱ्या चिठ्ठीपासून मी दोन साक्षींचा नियम केला.’

‘आणि पहिली?’

‘तिजवर दुसरी ओळ मागून आखली, ती तशीच राहिली,’ ते म्हणाले. मग बैठकीतली ती चिठ्ठी खिशातून काढून माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, ‘रविवारीं येशील की? घरच्याची साक्ष घरच्यानं लिहूं नये.’

पहिली चिठ्ठी आज वेस्ट मांबलममध्ये, सारांच्या घरी, एका चष्म्याच्या डबीत आहे. ती सारांच्या आईची डबी. चिठ्ठी तिथे गेली ती अशी.

दुसरा मजला, खालून भाजीवाल्यांचा गलका. म्हातारी खिडकीशी खुर्चीत बसून घेवडा निवडत होती. वय सत्त्याऐंशी, कान मंद, हात चलाख. सारांनी माझी ओळख करून दिली, ‘अम्मा, ही ऑफिसांतली. तुज एक विचारणार,’ आणि ते कॉफी करायला आत निघून गेले. साक्ष होताना घरच्यानं समोर नसावं, हाही नियमच. स्वयंपाकघर म्हणजे पडद्यापलीकडे चार पावलं.

मी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि पेन्सिल घेतली. मला काय विचारायचं तेच सुचेना. शेवटी सारांसारखंच, मोठ्यानं विचारलं, ‘आजी, तुमच्या घरात आई म्हणजे काय?’

तिनं शेंग मोडली, शीर काढली. ‘मज कसं ठावं मा?’ ती म्हणाली. ‘मज कोण म्हणतं तसं?’

मी लिहायला लागले आणि थांबले. हे कोणत्या ओळीवर लिहायचं? लाडानं म्हणणारा हवा होता.

‘एक होता म्हणणारा,’ ती म्हणाली. बहिऱ्या माणसांचा आवाज मोठा असतो, तसा तिचाही होता. ‘शाळेंत गेला आई म्हणत, परत आला तो अम्मा म्हणत. डबाही तसाच आणला, भरलेला. मी विचारलें नाही. मज ठावं होतं की. माझं लुगडं जुनं होतं त्या दिवशीं, खांद्यावर फाटलेलं. अस्की पोरं बघत होती. लाज वाटली असेल लेकरास. मग मी कधीं शाळेंत गेलें नाही.’

आत भांड्याचा आवाज थांबला.

मला सांगता येत नाही मला किती राग आला. त्या वर्गाचा, त्या मास्तरांचा, आमच्या यादीचा, आणि सगळ्यांहून जास्त पडद्यामागे उभ्या असलेल्या त्या माणसाचा. जगातल्या सगळ्या शब्दांची घरं शोधत दोन दोन बस बदलून जाणारा माणूस, आणि या चार पावलांवरच्या घरात साठ वर्षांत एकदा विचारायला आला नाही. बाई समजून बसली होती की तिचं लुगडंच वाईट होतं. मी उठून आत जाणार होते, आणि खांद्याला धरून हलवणार होते.

तेवढ्यात आतून हाक आली. घोगरी, जरा जास्तच मोठी.

‘आई, साखर किती?’

म्हातारीला पहिली हाक कधी ऐकू येत नाही, हे मला सारांनीच वाटेत सांगितलं होतं. तिनं हातातली शेंग ताटात ठेवली.

‘नेहमींचीच,’ ती म्हणाली.

मग पदरानं हात पुसून तिनं माझ्या गुडघ्यावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं, बरोबर त्या रिकाम्या ओळीवर.

‘लिही मा,’ ती म्हणाली. ‘आतां लिही.’